झाकली मूठ : पुस्तकाच्या आरंभी

आनुवंशिकतेवर कुठंही व्याख्यान झालं, की एक गोष्ट हमखास घडते. प्रश्नोत्तरं आटोपतात, आभार मानले जातात, माणसं चहाकडे वळतात आणि कुणीतरी एकजण खुर्च्यांच्या रांगेशी घुटमळत राहतो. सगळे पांगले याची खात्री करून जवळ येतो, आवाज खाली आणून विचारतो, "सर, धाकट्या भावाचं मामाच्या मुलीशी ठरतंय. काही होत तर नाही ना?" भाऊ खरोखर धाकटा आहे की समोर उभा आहे तोच नवरदेव, हे मी कधी विचारत नाही.

या प्रश्नाला 'होतं' हेही उत्तर बरोबर नाही आणि 'काही होत नाही' हेही. नीट उत्तर द्यायचं तर मक्याच्या शेतात जावं लागतं, डार्विनच्या काचघरात डोकवावं लागतं, ओडिशाच्या जंगलातले काळे वाघ बघावे लागतात आणि आपल्या सोयरिकीचे नियमही उलटेपालटे करून तपासावे लागतात. चहाचा कप हातात धरून हे सांगून होत नाही. म्हणून हे पुस्तक.

विषयाचं शास्त्रीय नाव अंतःप्रजनन, म्हणजे जवळच्या रक्तातल्या नर-मादीपासून संतती होणं. अशा संततीचं वजन भरत नाही, पिल्लं दगावतात, वांझपणा येतो, रोग लवकर गाठतात. याला पाठ्यपुस्तकं अंतःप्रजनन-अवनती म्हणतात. शब्द जिभेला जड आहे, त्यामुळे पुढे मी नुसतं 'घसरण' म्हणणार आहे.

ही घसरण का होते, ते आपल्या एका जुन्या म्हणीत चपखल बसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम निभावून नेते आणि बिघाडाचा कुणाला पत्ता लागत नाही. अशा बिघडलेल्या, 'अप्रभावी' प्रती तुमच्या-माझ्यासकट सगळे जन्मभर मुठीत घेऊन फिरतात. परक्या घरातल्या जोडीदाराच्या मुठीतले बिघाड वेगळे असतात, म्हणून मुलांची मूठही झाकलेलीच राहते. नात्यात लग्न झालं तर एकाच आजोबांची किंवा आजीची बिघडलेली प्रत आईच्या वाटेनं आणि वडिलांच्या वाटेनं, अशी दोन्हीकडून येऊन एका मुलात भेटू शकते. मामेबहिणीशी लग्न केलेल्याच्या मुलात कुठल्याही एका जनुकाबाबत हे घडण्याची शक्यता १६ मध्ये १ असते. तेव्हा मूठ उघडते.

पण नात्यातलं लग्न बिघाड निर्माण करत नाही. तो आधीपासून होताच, लग्नानं तो फक्त उघडा पडतो. ही एक गोष्ट मनात पक्की केली तर या विषयातले निम्मे गैरसमज गळून पडतात. उरलेल्या निम्म्यांसाठी पुढची पानं.

माणसांना ही घसरण शास्त्र यायच्या कितीतरी आधीपासून माहीत होती. घरच्याच वळूवर पिढ्यान्‌पिढ्या गाई भरवू नयेत, हे सांगायला गोपालकाला जनुक ठाऊक असावा लागत नाही. ती मोजून पाहण्याचं श्रेय मात्र चार्ल्स डार्विनचं, आणि त्यामागे घरची सल होती. १८३९ साली त्याने एमा वेजवूडशी लग्न केलं. ती त्याच्या मामाची मुलगी. दहा मुलं झाली, तीन लहानपणीच गेली. लाडकी ॲनी १८५१ मध्ये, दहा वर्षांची असताना. यात आपल्या लग्नाचा वाटा किती, ही शंका त्याला आयुष्यभर सोडून गेली नाही. १८७१ च्या ब्रिटिश जनगणनेत चुलत-मामे भावंडांच्या लग्नांचा प्रश्न घालावा म्हणून त्याने खटपट केली. पार्लमेंटने ती सूचना फेटाळली.

मग त्याने वनस्पतींना विचारलं. ११ वर्षं, ५७ जाती. एका कुंडीत स्वतःच्याच परागाने फळलेल्या झाडाचं रोप, शेजारी परक्या परागाचं. १८७६ साली आलेला त्याचा ग्रंथ आज फारसं कुणी वाचत नाही, कारण तो मुख्यतः रोपांच्या उंच्यांचे तक्ते आहे. मला तो त्याच्या सर्वांत प्रामाणिक पुस्तकांपैकी एक वाटतो. मॉर्निंग ग्लोरीच्या वेलांत स्वपरागाची रोपं पिढीमागून पिढी खुजी निघत होती, आणि सहाव्या पिढीत अचानक एक वेल शेजारच्या परपरागाच्या वेलीपेक्षा अर्धा इंच उंच वाढली. डार्विनने तिला लपवलं नाही. 'हिरो' असं नाव देऊन तिची संतती वेगळी वाढवली, आणि तीही जोमदार निघाली. नियमाला हा अपवाद का, हे त्याला कळलं नाही. कळण्यासाठी लागणारी किल्ली, म्हणजे आनुवंशिकतेचे नियम, मेंडेलने १८६६ मध्येच छापली होती, पण ती जगाच्या हाती पडायला १९०० साल उजाडलं.

पुढचा टप्पा मक्याचा. १९०८ च्या सुमारास अमेरिकेत जॉर्ज शल आणि एडवर्ड ईस्ट यांनी मका स्वतःच्याच परागावर पिढ्यान्‌पिढ्या वाढवून त्याचे किडमिडे पण एकजिनसी वाण तयार केले. असे दोन मरतुकडे वाण एकत्र आणले तर पहिल्याच पिढीत पीक थेट फोफावतं, असं त्यांना दिसलं. आपल्याकडे हेच तंत्र १९६४ मध्ये ज्वारीच्या सीएसएच-१ वाणात, १९६५ मध्ये बाजरीच्या एचबी-१ मध्ये आणि १९७० मध्ये सुरतेच्या एच-४ कापसात आलं. मराठी खेड्यांत 'हायब्रीड' हा शब्द ज्वारीचं दुसरं नावच होऊन बसला आणि भाकरीला चव नाही म्हणून त्याच्या नावानं बोटंही मोडली गेली. पण हायब्रीडचं घरचं बी दुसऱ्या वर्षी पेरून पाहिलेल्या प्रत्येक शेतकऱ्यानं घसरण स्वतःच्या बांधावरून पाहिली आहे. कणसं लहान, झाडं वरखाली. त्याने दोष बियाण्याच्या कंपनीला दिला असेल. काही अंशी तो मेंडेलचा होता.

मक्यावरूनच दोन पंथ पडले. एकाचं म्हणणं, संकर जोमदार असतो कारण दोन वाण एकमेकांचे बिघाड झाकतात. दुसऱ्याचं म्हणणं, बिघाडाचा प्रश्नच नाही; दोन वेगवेगळ्या प्रती असणं हीच मुळात ताकद आहे. फरक बारीक वाटतो, पण परिणाम मोठा. पहिला पंथ खरा असेल तर चांगल्या प्रती निवडत निवडत संकराइतका दमदार शुद्ध वाण कधीतरी करता येईल; दुसरा खरा असेल तर कधीच नाही. या भांडणाने जवळजवळ एक शतक खाल्लं. दुसऱ्या पंथाची खरीखुरी उदाहरणं आहेत, आणि त्यातलं सर्वांत बोलकं नंदुरबार-गडचिरोलीला ठाऊक आहे. सिकलसेलची एकच प्रत असलेल्याला मलेरियापासून संरक्षण मिळतं, दोन्ही प्रती असलेल्याला आजार जडतो. पण अशी उदाहरणं मोजकीच निघाली. एकंदर पुरावा पहिल्या पंथाच्या, म्हणजे झाकल्या मुठीच्या, बाजूने भरघोस झुकला आहे. मी त्याच पंथाचा आहे, हे वाचकाने आधीच जाणून असावं.

या सगळ्याला गणिताची शिस्त लावली ती स्यूअल राइट यांनी. अमेरिकेच्या कृषिखात्यात १९०६ पासून गिनीपिगांची सख्खी भावंडं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशी जुळवली जात होती. १९१५ मध्ये ते काम राइट यांच्याकडे आलं आणि १९२२ मध्ये त्यांनी अंतःप्रजनन मोजण्याचा गुणांक मांडला. वर लिहिलेला '१६ मध्ये १' हा आकडा त्याच गुणांकाचा. स्पेनचा शेवटचा हॅब्सबर्ग राजा दुसरा कार्लोस १७०० साली निर्वंश मेला. २००९ मध्ये त्याची वंशावळ उलगडून काढलेला गुणांक होता ०.२५४, म्हणजे सख्ख्या भावंडांच्या अपत्याइतका. तसं एकही लग्न त्या घराण्यात झालेलं नव्हतं. मामा-भाच्या, चुलत भावंडं असं करत करत व्याज चढत गेलं होतं.

आता उत्क्रांतीचा प्रश्न. हे बिघाड इतके घातक आहेत तर निसर्गनिवडीने ते केव्हाच झाडून का टाकले नाहीत? कारण मूठ झाकलेली असेपर्यंत झाडूला काही दिसतच नाही, आणि दर पिढीत नवे बिघाड मुठीत येऊन पडतात. उलट अंतःप्रजननाने मूठ उघडते तेव्हा निवडीला पकड मिळते. जीवघेणे बिघाड दोन्ही प्रती बिघडलेल्या पिल्लांबरोबर मरून जातात आणि उरलेला वंश त्या बाबतीत स्वच्छ होतो. याला शुद्धीकरण म्हणता येईल. डार्विनचा 'हिरो' बहुधा अशीच धुऊन निघालेली वेल होती. पण झाडू मोठा केर काढतो, बारीक धूळ नाही. एकेकटे किरकोळ वाटणारे असंख्य बिघाड तसेच राहतात, आणि लहानशा कळपात तर योगायोगाने कायमचे ठाण मांडतात.

इथून वनस्पतींची मोठी रस्सीखेच सुरू होते. १९४१ मध्ये आर. ए. फिशर यांनी दाखवलं की स्वतःच्या परागाने फळणाऱ्या झाडाला आयता फायदा असतो. आपल्या बियांत दोन्ही प्रती स्वतःच्या, शिवाय शेजाऱ्याच्या फुलावर पराग धाडून तिसरी. स्वपरागाची संतती निम्म्याहून अधिक दुबळी असेल तरच हा फायदा मोडतो. १९८५ मध्ये रसेल लँड आणि डग्लस शेम्स्की यांनी त्यात मेख मारली. स्वपराग सुरू झाला की शुद्धीकरणही सुरू होतं, म्हणजे दंडच हळूहळू कमी होत जातो. त्यांच्या गणितानुसार वनस्पतीने एकतर या टोकाला जावं नाहीतर त्या. आपल्या शिवारात दोन्ही टोकं शेजारी नांदतात. भाताचं फूल उघडता उघडता स्वतःलाच फळवून मोकळं होतं. बाजरीच्या कणसात स्त्रीकेसर आधी बाहेर डोकावतात आणि पराग मागाहून येतो, म्हणून बाजरी शेजारच्या वाणाशी सोयरीक केल्यावाचून राहत नाही. पण मधल्या वाटेवर रमलेल्या वनस्पतीही पुष्कळ आहेत, आणि त्या तिथे का टिकतात हा वाद अजून मिटलेला नाही.

ज्यांनी परकाच पराग हवा असा हट्ट धरला, त्यांनी तो पाळायला यंत्रणा उभ्या केल्या. तंबाखू, बटाटा, मिरची, वांगं यांच्या कुळात अनेक जातींची फुलं स्वतःचा पराग 'ओळखतात' आणि त्याची नळी वाढूच देत नाहीत. ही यंत्रणा मोडणं सोपं, पुन्हा उभारणं जवळपास अशक्य. २०१० मध्ये याच कुळाच्या अभ्यासात दिसलं की यंत्रणा सोडलेल्या शाखा अल्पकाळ भरभराटतात, पण लांब पल्ल्यात नामशेष होण्याचं त्यांचं प्रमाण अधिक असतं.

प्राण्यांचं काय? इथे आपली समजूत अशी की पशूही नातं ओळखून लांब राहतात. पण नातं टाळण्याचा सर्वाधिक आढळणारा मार्ग त्याहून साधा आहे. घर सोडणं. सस्तन प्राण्यांत बहुधा नर जातात, पक्ष्यांत बहुधा माद्या, चिंपांझींत मात्र माद्या. वाघीण आईच्या शेजारी संसार थाटते, तिचा भाऊ दूर निघतो. २०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ शेतं, महामार्ग, तेलंगणाची हद्द ओलांडत सुमारे ३,००० किलोमीटर भटकला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन थांबला. तिथे त्याच्यासाठी वाघीण नव्हती. वाटेतली जंगलं तुटली की घर सोडूनही भागत नाही, हे या एका वाघाने नकाशावर आखून दाखवलं.

आणि पसंतीने नातं टाळणं? २०२१ मध्ये ८८ जातींवरच्या १३९ प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला. निष्कर्ष असा की प्राणी नात्यातला जोडीदार फारसा टाळताना दिसतच नाहीत. अनेकांना हे पचलं नाही. मला तो निष्कर्ष फार आवडतो, कारण तो आपल्याला उपदेशाच्या आसनावरून खाली उतरवतो. सिद्धान्ताच्या बाजूने पाहिलं तर त्यात नवल नाही. जोडीदार शोधणंही महाग असतं, आणि भावंडाला संतती मिळाली तर त्यात आपल्याही प्रतींचा वाटा असतोच. घसरण मोठी असेल तरच टाळाटाळ परवडते. आफ्रिकेतले पट्टेदार मुंगूस आणि बिळांतले केसविरहित मोल-रॅट पुष्कळदा नात्यातच संसार करतात.

माणसापाशी आलं की विषय तापतो. १८९१ मध्ये फिनलंडचे एडवर्ड वेस्टरमार्क म्हणाले, लहानपणी एकत्र वाढलेल्यांत परस्परांबद्दल आकर्षणच उपजत नाही. फ्रॉइडने उलट बाजू लावून धरली; इच्छा असते म्हणूनच तर निषेध लागतो. मानववंशशास्त्रज्ञ लेव्ही-स्ट्रॉसने १९४९ मध्ये दोघांनाही बाजूला सारून सांगितलं की निषेधाचा हेतू मुली बाहेर देऊन सोयरे जोडणं हा आहे. वेस्टरमार्कच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा तैवानमधून आला. तिथे भावी सुनेला तान्हेपणीच घरी आणून मुलाबरोबर वाढवण्याची चाल होती. आर्थर वुल्फ यांनी जुन्या नोंदी चाळल्या तेव्हा अशा जोडप्यांना मुलं कमी झालेली आणि घटस्फोट जास्त झालेले आढळले.

आपल्याकडे हा प्रश्न इरावती कर्व्यांनी १९५३ च्या 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' या ग्रंथात फार नेमका मांडला. उत्तरेत नात्यात मुळीच लग्न नाही, दक्षिणेत नात्यातलं लग्न पहिल्या पसंतीचं, आणि महाराष्ट्र मधोमध. इथे मामाची मुलगी चालते, आत्याची बहुधा नाही, चुलत बहीण तर अब्रह्मण्यम्. मराठा घरांत देवक एक निघालं तर ठरलेली सोयरीक मोडते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने वडिलांकडून पाच आणि आईकडून तीन पिढ्यांचा सपिंड निषेध घातला, पण रूढी असेल तर सूटही ठेवली. गंमत अशी की जनुकांना आडनाव वाचता येत नाही. चुलत, मामे, मावस, आते, सगळ्यांचा गुणांक तोच, १६ मध्ये १. गोत्र-देवकाच्या नियमांत आनुवंशिकता शोधणाऱ्यांचं पेव आज फुटलं आहे. ते नियम सोयरिकीचे आहेत, प्रयोगशाळेचे नाहीत. एक दार लावून दुसरं सताड उघडं ठेवणारा नियम आरोग्यासाठी केला होता, असं म्हणणं मला पटत नाही.

त्याहून मोठी गोष्ट नजरेआड राहते. नात्यातलं लग्न टाळलं, पण जातीतच केलं, तर? १९५६ मध्येच एल. डी. संघवी आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या बारा जातगटांतल्या नात्यातल्या लग्नांची मोजदाद केली होती. २०१७ मध्ये हैदराबादचे कुमारसामी थंगराज, हार्वर्डचे डेव्हिड राइश आणि त्यांचे सहकारी यांनी दक्षिण आशियातल्या अडीचशेहून अधिक गटांचे जनुक तपासले. त्यांतले ८१ गट असे निघाले, की थोड्याच पूर्वजांपासून वाढल्याची खूण त्यांच्यात फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्कनाझी ज्यूंपेक्षाही ठळक होती. त्यातल्या १४ गटांची लोकसंख्या दहा लाखांच्या वर आहे. म्हणजे वधू-वर एकमेकांना ओळखतही नसतात, पण कित्येक पिढ्यांमागचे आजोबा तेच असतात. आंध्रातल्या वैश्य समाजात भुलीच्या वेळी स्नायू सैल करायला देतात त्या एका विशिष्ट औषधाने स्नायू लवकर पूर्ववत न होण्याचा दोष वारंवार सापडतो, तो याच वाटेने आलेला.

हे सगळं आजच का सांगायचं? कारण जंगलं आता बेटं झाली आहेत. फ्लोरिडातले प्यूमा वीस-तीसवर आले. शेपट्या वाकड्या, हृदयात दोष. १९९५ मध्ये टेक्सासहून आठ माद्या आणल्या आणि कळप सावरला. ओडिशाच्या सिमिलिपालमध्ये पट्टे एकमेकांत मिसळून काळेशार दिसणारे वाघ आहेत. २०२१ मध्ये उमा रामकृष्णन यांच्या गटाने त्यामागचा एका जनुकातला बदल शोधला. पर्यटकांना ते अप्रूप वाटतं, जाणकारांना ती उघडलेली मूठ दिसते. २०२४ च्या अखेरीस आपल्या ताडोबातून जमुना आणि झीनत या दोन वाघिणी तिथे धाडल्या. झीनत झारखंड पार करून थेट पश्चिम बंगालमध्ये गेली आणि तिला पकडून परत आणावं लागलं. गीरचे सिंह मध्य प्रदेशातल्या कुनोला हलवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं. सिंह गेले नाहीत. २०२२ मध्ये तिथे आफ्रिकेतून चित्ते आले. जनुकीय वैविध्य इतकं आटलेलं की एकाची त्वचा दुसऱ्या अनोळखी चित्त्याच्या अंगावर लावली तरी शरीर ती लगेच नाकारत नाही, असा हा प्राणी.

बाहेरचं रक्त आणणं हेही सरसकट औषध नाही. शतकानुशतकं लहान राहिलेल्या कळपाने मोठे बिघाड झाडून टाकलेले असू शकतात, आणि मोठ्या कळपातला पाहुणा आपल्या झाकल्या मुठीत नवे घेऊन येतो. मिशिगन राज्यातल्या आइल रॉयल बेटावर १९९७ साली बर्फावरून एक लांडगा आला. त्याची संतती बेटभर पसरली आणि २०१६ पर्यंत दोनच लांडगे उरले, तेही बाप-लेक. या घटनेचा अर्थ कसा लावायचा यावर आज संशोधकांत कडाक्याचं भांडण आहे. पुस्तकात दोन्ही बाजू त्यांच्या पूर्ण ताकदीने मांडायचा प्रयत्न केला आहे. माझा कल कुठे आहे, ते लपलेलं नाही.

हे पाठ्यपुस्तक नाही आणि विवाहमार्गदर्शकही नाही. शेत, जंगल आणि घर हे तीन धागे एकाच गाठीत कसे येतात, ते पदवीच्या गणिताशिवाय दाखवावं, एवढाच त्याचा आवाका. ज्याला गुणांक काढायचा आहे त्याच्यासाठी रीत दिली आहे. ज्याला नाही त्याने ती पानं खुशाल उलटावीत.

आणि खुर्च्यांपाशी घुटमळणाऱ्या त्या माणसासाठी. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या २०१३ च्या अभ्यासात परक्या जोडप्यांच्या मुलांत जन्मजात दोषांचं प्रमाण सुमारे ३ टक्के होतं, चुलत-मामे भावंडांच्या मुलांत सुमारे ६. म्हणजे धोका दुपटीचा, आणि तरीही शंभरातल्या चौऱ्याण्णव मुलांत असा दोष नाही. घरात आधी नात्यातली लग्नं झाली असतील, एखादं मूल कारण न कळता गेलं असेल, तर मात्र हा हिशेब तुम्हाला लागू नाही. आजीला किंवा थोरल्या आत्याला विचारून चार पिढ्यांचा वंशवृक्ष कागदावर काढा, कोण कशाने गेलं तेही लिहा, आणि तो कागद घेऊन साखरपुड्याच्या आधी आनुवंशिकी सल्लागाराकडे जा. थॅलेसेमिया आणि सिकलसेलची तपासणी रक्ताच्या नमुन्यावर होते.